३० बाय ४० फुटी प्लॉटचा रेडीमेड प्लॅन: कागदावर ऐसपैस, राहायला अडचण

पूर्वमुखी टू बीएचकेची ही पीडीएफ काही शे रुपयांत मिळते. पाचपैकी दोन गुण, तेही किचन आणि संडास-बाथरूम पाठीला पाठ लावून पाइप वाचवला म्हणून.

बेडरूम १० बाय १० लिहिलीय, पण माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलंय. बाहेरची भिंत ९ इंची, आतली ४ इंची, त्यावर दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच प्लास्टर. साडेसात इंच तिथंच गेले. उरलेल्या ९ फूट साडेचार इंचांत ६ फुटी पलंग आणि समोर २ फूट खोल कपाट ठेवलं की मधे साडेसोळा इंच राहतात. कपाटाचं दीड फुटी दार पलंगाला थटतं.

जिना त्याहून वाईट. मजल्याची उंची साडेदहा फूट, ७ इंची १८ पायऱ्या, म्हणजे ९-९ च्या दोन फेऱ्या. एका फेरीत १० इंचांची ८ पावलं (नववं चौकात किंवा मजल्यात जातं), ८० इंच. त्यावर वळायला ३ फुटांचा चौक. लांबी ९ फूट ८ इंच लागते, प्लॅनमध्ये ८ फूट दिलीय. गवंडी पाऊल साडेसात इंचांवर आणतो, मग उतरताना टाच टेकते आणि चवडा अधांतरी. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे चालणारच नाही.

वास्तूप्रमाणे मोठी बेडरूम नैऋत्येला, तिला पश्चिमेची मोठी खिडकी. मे महिन्यात जालना-परभणीकडं ती खोली रात्री उशिरापर्यंत धगधगते. दीड फुटी छज्जा कलत्या उन्हाला अडवत नाही. खिडकी दक्षिणेला घ्या, पश्चिमेच्या भिंतीला कपाटं लावा.

पाण्याचा तर विचारच नाही, गच्चीवर हजार लिटरची टाकी काढून मोकळे! पाच माणसांना दिवसाला माणशी १३५ लिटर धरलं आणि नळ आठ दिवसांनी येत असेल, तर ५,४०० लिटर साठा हवा. पोर्चखाली आतून ८ बाय ५ चा, ५ फूट पाणी मावेल असा हौद घ्या. सेप्टिक टँक त्याच्यापासून जमेल तितका लांब, घराच्या दुसऱ्या टोकाला. सालाची ज्वारी-गहू ठेवायला जागाही नाही. जिन्याखाली काढता येईल, ओल येत नसेल तर.

सोबतचा फुटिंगचा, म्हणजे खांबांच्या पायाच्या मापांचा, तक्ता मात्र बाजूलाच ठेवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया किती खोल आणि कसा, हे प्लॉटवर खड्डा घेऊन, मुरूम कुठं लागतो ते बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच ठरवावं.