सिरिंज आधीच भरलेली होती

भाऊ युगांडात नोकरीला आहे. मी आणि बायकोने आईला घेऊन त्याच्याकडे जायचं ठरवलं, तेव्हा आधी पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लशीचा प्रश्न आला. युगांडात उतरणाऱ्या एक वर्षावरच्या प्रत्येक प्रवाशाकडे तिचं पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं प्रमाणपत्र, लागतं. अधिकृत केंद्रात लवकरची तारीख मिळत नव्हती. चौकशी करता करता एका ‘ट्रॅव्हल हेल्थ कन्सल्टंट’चा नंबर मिळाला. घरी येतो, पीतज्वर, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि मलेरिया अशा सगळ्या लशी एकाच भेटीत देतो, कार्डही लगेच हातात ठेवतो, असं त्याने सांगितलं.

माणूस बोलायला फार गोड. आईचा रक्तदाब मोजला, “आजी, अजिबात दुखणार नाही” म्हणाला, बॅगेतून भरलेल्या सिरिंज काढल्या आणि आम्हा तिघांनाही टोचल्या. नंतर कार्डं भरली, शिक्के मारले. दहा वर्षांनी फोन करा, रिन्यू करून देईन, असंही वर सांगितलं.

तो गेल्यावर बायकोचं लक्ष कार्डावरच्या तारखेकडे गेलं. लस आज टोचली होती आणि तारीख दोन आठवड्यांपूर्वीची होती. फोन केला तर म्हणाला, “अहो, दहा दिवस भरायला हवेत ना, सगळे असंच करतात. टेन्शन घेऊ नका.” दहा दिवसांचं त्याचं खरं होतं. ही लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, कारण शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ जातो. कागदावरची तारीख मागे नेली म्हणून ती शक्ती लवकर येत नाही, हा ताप पसरवणारा डास चावायचा तो चावतोच.

आम्ही कार्डं आणि पावती घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. पावतीवर ‘मलेरिया लस’ वाचून ते थांबले. मलेरियाच्या लशी आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 आणि 2023 मध्ये त्यांची शिफारसही केली आहे, पण ती मलेरियाग्रस्त भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी. प्रवासाला निघालेल्या मोठ्या माणसाला गोळ्याच घ्याव्या लागतात. त्या तिथे पोचण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या, गोळीनुसार एक ते चार आठवडे. आम्हाला मलेरियाचं इंजेक्शन मिळालंय या भरवशावर आम्ही गोळ्यांशिवाय तिकडे गेलो असतो. फसवणुकीतला हा भाग मला पैशांपेक्षा कितीतरी भयंकर वाटतो.

मग त्यांनी विचारलं, “कुपी पाहिलीत का?” पीतज्वराची लस कोरड्या पावडरच्या रूपात कुपीत येते. ती दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, टोचायच्या वेळी द्रावण घालून तयार करतात आणि तयार झालेली लस काही तासांत वापरली नाही तर फेकून देतात. आमच्यासमोर कुपी फुटली नाही, बर्फाची पेटीही नव्हती. आम्हाला काय टोचलं गेलं, हे आजही आम्हाला माहीत नाही. सुई आणि सिरिंज नवी होती की नाही तेही कळायला मार्ग नाही, म्हणून आम्हा तिघांनाही एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी साठी रक्त तपासावं लागलं. सुरुवातीच्या दिवसांत संसर्ग रक्तात दिसत नाही, म्हणून काही काळाने पुन्हा तपासणी. मधले दिवस कसे काढले ते सांगवत नाही.

आईचं तर याहून गंभीर. तिला संधिवात आहे, मिथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइड चालू आहे, वय साठच्या वर आहे. पीतज्वराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. आईसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला ती देत नाहीत, आणि साठीनंतर पहिल्यांदा देताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो म्हणून फार तोलून निर्णय घेतात. त्या माणसाच्या सिरिंजमध्ये खरी लस असती तर आईच्या जिवावर बेतू शकलं असतं. आणि त्याने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं की आजी, तुम्ही कुठली औषधं घेता.

कार्डावर ज्या केंद्राचा शिक्का होता तिथे चौकशी केली. त्यांच्या नोंदवहीत आमच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं, शिक्काही त्यांचा नव्हता. तिथल्या डॉक्टर बाईंनी बसवून घेऊन जे विचारलं, तेव्हा कळलं की प्रवासाआधीचा सल्ला कसा असतो. कुठल्या भागात राहणार, किती दिवस, अंड्याची ॲलर्जी आहे का, छातीतल्या थायमस ग्रंथीचा काही आजार आहे का, मागच्या महिन्यात दुसरी कुठली लस घेतलीत का. त्या शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नव्हतं, म्हणून त्यांनी चार आठवडे थांबवलं. आईला त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. लस देता येत नाही असं वैद्यकीय कारणाचं पत्र मिळू शकतं, पण ते मान्य करायचं की नाही हे तो देश ठरवतो आणि पीतज्वराचा धोका तसाच राहतो, हेही समजावलं. आईने जाणं रद्द केलं, भाऊच सुट्टीत तिला भेटायला आला. आम्ही दोघं उशिरा गेलो, खरी लस घेऊन, गोळ्या घेऊन.

तुम्ही जाणार असाल तर त्या देशाची अट आणि आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त केंद्रांची यादी सरकारी आरोग्य विभागाकडूनच घ्या, आणि निघायच्या किमान सहा आठवडे आधी जा. कुपीवरचं नाव, बॅच नंबर, मुदत स्वतः वाचा, तोच नंबर कार्डावर उतरवून घ्या. कार्डावर खाडाखोड नको, सही हाताने केलेली हवी. रिन्यू करून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर दहा वर्षं छापलेली असली तरीही.

आणि असं इंजेक्शन आधीच घेऊन बसला असाल तर कार्ड फाडू नका, पावती आणि फोनवरचे मेसेज जपा. आम्ही तक्रार दिली तेव्हा पोलिसांनी पहिल्यांदा तेच मागितलं. आधी मात्र डॉक्टरांकडे जा आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगा, म्हणजे रक्ताच्या तपासण्या वेळेवर सुरू होतील.