ड्युटीची वेळ विचारणारा डबा

आमच्या रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिका पहिल्याच आठवड्यात विचारतात, की डबा कोणाचा लावावा. बाहेरगावाहून पुण्यात येऊन वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींसाठी हा प्रश्न किरकोळ नसतो. मी ज्या काकूंचा डबा घेते, त्यांची सेवा घरगुती आहे, दारावर पाटीसुद्धा नाही. त्यामुळे नाव न देता लिहिते. या सेवेची खरी परीक्षा २०२० च्या एप्रिलपासून पुढचे दीड वर्ष झाली, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या काळाविषयी आहे.

तेव्हा कोविड कक्षातल्या कर्मचाऱ्यांना जेवणाची पाकिटे मिळत. पुरवठादार बदलले, पाकीट मात्र बदलले नाही: चार पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, गार भाताचा गोळा आणि लोणच्याची पुडी. २२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या आणि त्यानंतर कित्येक आठवडे बिस्किटे, वेफर्स आणि थंड पेयांचे खोके येत राहिले. देणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका नाही. परंतु रात्री अडीच वाजता क्रीमच्या बिस्किटांवर भूक भागवली, की पहाटे छातीत जळजळे, झोप लागत नसे, आणि न झोपलेल्या डोक्यात मॉनिटरचे आवाज दिवसभर वाजत राहत.

काकूंना पहिला फोन केला तेव्हा त्यांनी आधी भाज्यांची आवडनिवड विचारली नाही. त्यांनी विचारले, “ड्युटी किती ते किती? आणि अगं, तो पोशाख घालायच्या आधी जेवतेस की काढल्यावर?” हा प्रश्न तोवर आम्हाला कोणीच विचारला नव्हता. पीपीई, म्हणजे तो संरक्षक पोशाख, एकदा चढवला, की सहा तास, कधी बदली येईपर्यंत आठ तास, पाण्याचा घोट नाही आणि स्वच्छतागृहही नाही. या धास्तीने कित्येकजणी उपाशीच आत जात आणि चौथ्या तासाला डोके धरून भिंतीला टेकत. काकूंनी डब्याचे दोन भाग केले. आत जाण्यापूर्वीच्या भागात कमी मिठाची मुगाची खिचडी किंवा पोळी-भाजी असे, त्यात पापड-लोणचे मुद्दाम नसे, कारण खारटाने तहान लागते. बाहेर आल्यावरच्या भागात ताक, नाचणीची आंबील, मऊ वरणभात आणि मोड आलेल्या मटकीची उसळ असे. एन-९५ मास्क लावून कोरडे पडलेले तोंड तिखटाने चरचरते, हे एकदा सांगितल्यावर उसळीतला मसाला दुसऱ्याच दिवशी निम्म्यावर आला. रात्रपाळीला दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची दशमी आणि शेंगदाण्याचा लाडू येई. एका हाताने खाता येते आणि गार झाले तरी घशाखाली उतरते.

संसर्गाच्या भीतीने स्टीलचे डबे बंद झाले होते आणि जेवण टाकाऊ खोक्यांतून येत असे. त्यामुळे कोणी किती खाल्ले, हे परत आलेल्या डब्यावरून कळण्याची सोय राहिली नव्हती. काकूंनी वही घातली आणि दर दोन दिवसांनी फोन सुरू केले. एका आठवड्यात माझ्याच वयाची एक रुग्ण गेली. तिच्या नवऱ्याला फोनवरून कळवण्याचे काम माझ्याकडे आले होते. पुढचे दोन दिवस मी खोका न उघडताच टाकला. काकूंनी विचारले, “काल दशमी खाल्लीस ना?” मी हो म्हटले. “काल दशमी दिलीच नव्हती,” त्या म्हणाल्या. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि त्यांनी फोनही ठेवला नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून वरणभात संपवला आणि त्याच संध्याकाळी मेट्रनना सांगितले, की मला झोप येत नाही. निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या मानसिक आधाराच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक आमच्या फलकावर कधीचा लागला होता. आम्ही तो रुग्णांच्या नातेवाइकांना लिहून देत असू, स्वतः कधी लावत नसू. डबा म्हणजे उपचार नव्हे आणि काकूंनीही तसा आव कधी आणला नाही. पण मी तो क्रमांक लावला, तो त्या पायरीवरून उठल्यानंतरच.

आता उणिवा. एप्रिल २०२० मध्ये मार्केट यार्ड बंद पडल्यावर आठवड्यातून चारदा दुधी खावा लागला. त्या दिवसांत दुसरे काही मिळत नव्हते, हे खरे, पण मार्केट उघडल्यानंतरही दुधीचे प्रेम ओसरायला बराच वेळ गेला. कापलेली फळे दुपारपर्यंत काळवंडत. आम्ही तक्रार केली तेव्हा अख्खी केळी आणि पेरू येऊ लागले. गरम वरण पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून देणे मला अजिबात पटले नाही आणि अजूनही कधीकधी तेच होते. सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा तर त्या रोज आग्रहाने पाठवत. रिकाम्या पोटी त्याने पित्त खवळते, हे पटवून द्यायला मला एक महिना लागला. शाकाहारी डब्यात प्रथिने कमी पडतात, असे माझे मत आजही आहे. रविवारी दोन उकडलेली अंडी मागितल्यास त्या ती वेगळ्या पातेल्यात करून देतात, पण आठवण करून द्यावी लागते.

सध्या डबा पुन्हा स्टीलचा येतो. रात्रपाळीचा डबा दुपारी चारच्या आत सांगावा लागतो आणि सुट्टी आदल्या दिवशी कळवली नाही, तर त्या दिवसाचे पैसे द्यावेच लागतात. या नियमात त्या कोणालाही सूट देत नाहीत, मलाही नाही. नाव नोंदवायला जाताना पाळ्यांचा तक्ता सोबत न्यावा. त्या तो वहीत चिकटवून घेतात.