विंडोज ९८ ला नव्या जोडण्या : एनयूएसबी आणि कर्नलएक्स वापरून पाहिल्यानंतर

माझ्याकडचा विंडोज ९८ सेकंड एडिशनवर चालणारा संगणक मला अजून निवृत्त करता आलेला नाही, आणि त्याचे कारण त्याच्या पाठीमागच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचलेली बोटभर लांबीची डाँगल हे आहे. पानांच्या मांडणीचे एक जुने सॉफ्टवेअर त्या डाँगलशिवाय उघडत नाही, त्याची पुढची आवृत्ती कधी निघाली नाही आणि त्यात केलेल्या फाइली दुसऱ्या कशातही धडपणे उघडत नाहीत. विंडोज ९८ जून १९९८ मध्ये बाजारात आली, सेकंड एडिशन त्याच्या पुढच्या वर्षी आली आणि मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये तिची देखभाल थांबवली. त्यानंतर या प्रणालीत जे काही नवे आले, ते ती वापरणाऱ्यांनीच स्वतःच्या हौसेने आणि चिकाटीने लिहून विनामूल्य दिलेले आहे. त्यांपैकी दोन जोडण्या, पेन ड्राइव्ह ओळखू देणारी एनयूएसबी आणि नवी सॉफ्टवेअर चालवू पाहणारी कर्नलएक्स, मी गेले काही महिने नित्याच्या कामात वापरत आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या दोघींचे आहे.

माझ्या अपेक्षा फार नव्हत्या. फाइली नव्या संगणकावर नेता याव्यात आणि तिथून आणता याव्यात, एकदोन थोडी अलीकडची सॉफ्टवेअर चालावीत, आणि जमल्यास इंटरनेटचे तोंड दिसावे, एवढेच मनात होते. यांतली पहिली अपेक्षा पूर्णपणे फळाला आली, दुसरी अर्धवट, आणि तिसरीबद्दल माझे मत आता पार बदलले आहे.

एनयूएसबीपासून सुरुवात करतो, कारण एकच जोडणी घ्यायची असेल तर ती हीच घ्यावी. विंडोज ९८ ला यूएसबी ठाऊक आहे, पण पेन ड्राइव्ह ओळखणारा सर्वसाधारण ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) तिच्याकडे नाही. त्या काळी प्रत्येक पेन ड्राइव्हबरोबर त्याच्या उत्पादकाचा वेगळा ड्रायव्हर घालावा लागत असे, आणि तसे ड्रायव्हर आज शोधूनही सापडत नाहीत. हा सर्वसाधारण ड्रायव्हर ‘विंडोज मी’ (Me) या तिच्या धाकट्या भावंडात होता. एनयूएसबीने अशा पुढच्या आवृत्त्यांमधल्या फाइली घेऊन त्या ९८ मध्ये नीट बसवल्या आहेत, आणि त्यामुळे एकदा ती बसली की फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला कोणताही पेन ड्राइव्ह लावताच ‘माय कॉम्प्युटर’मध्ये नव्या अक्षरासह उभा राहतो. घड्याळाशेजारी तो सुरक्षितपणे काढण्याचे चिन्हही येते. बसवताना आपल्या विंडोजच्या भाषेची आवृत्ती बघून घ्यावी लागते, कारण इंग्रजी विंडोजसाठीची एनयूएसबी दुसऱ्या भाषेच्या विंडोजवर घालून चालत नाही.

बसवण्याची रीत मात्र मन लावून वाचावी. आधी डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबीच्या सगळ्या जुन्या नोंदी काढून टाकायच्या, मग एनयूएसबी घालायची आणि मगच संगणक पुन्हा सुरू करायचा, असे सूचनेत स्पष्ट लिहिलेले आहे. मी दिसत होत्या तेवढ्या नोंदी काढल्या आणि पुढे गेलो; पेन ड्राइव्ह लावला की माउस जागच्या जागी थिजायचा आणि संगणक बटण दाबूनच बंद करावा लागायचा. दोन संध्याकाळी फुकट गेल्यावर मी सेफ मोडमध्ये शिरून डिव्हाइस मॅनेजर उघडला, तेव्हा तिथे कधीकाळी जोडलेल्या एका प्रिंटरची आणि एका कॅमेऱ्याची भुते बसलेली दिसली. नेहमीच्या मोडमध्ये या नोंदी दिसतच नाहीत. त्या काढून एनयूएसबी नव्याने घातल्यावर आजतागायत एकदाही तो प्रकार घडलेला नाही, म्हणून हा दोष मी एनयूएसबीच्या नव्हे, माझ्या उतावीळपणाच्या खाती टाकतो.

दोन मर्यादा मात्र खऱ्या आहेत. ३२ जीबीच्या वरचे पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि विंडोज ९८ ला एक्सफॅट किंवा एनटीएफएस यांतले काहीच वाचता येत नाही, त्यामुळे मी लहान क्षमतेचा फॅट३२ पेन ड्राइव्ह या कामासाठी वेगळाच ठेवला आहे. दुसरी मर्यादा आपल्याला अधिक जाणवणारी आहे. नव्या संगणकावर फाइलीला देवनागरीत नाव देऊन ती पेन ड्राइव्हवर आणली, तर ९८ मध्ये त्या नावाच्या जागी अधोरेषांची एक रांग तेवढी दिसते, आणि त्या रांगेवर कितीही वेळा डबल क्लिक केले तरी फाइल उघडत नाही. नाव तबकडीवर युनिकोडमध्ये शाबूत असते. फक्त ९८ ला ते उच्चारता येत नाही. डॉसच्या खिडकीत शिरून त्याच फाइलीचे आठ अक्षरी आखूड नाव वापरले की ती निमूटपणे कॉपी होते. मी आता नावे रोमन लिपीतच देतो.

कर्नलएक्सची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. विंडोज ९८ वर एखादे नवे सॉफ्टवेअर उघडू पाहिले की आधी एक चौकट येते, ती सांगते की ही फाइल कर्नल३२ या विंडोजच्या गाभ्यातल्या फाइलीमधल्या अमुक एका नावाच्या फंक्शनशी (एखादे काम करून देणाऱ्या तयार तुकड्याशी) जोडलेली आहे आणि ते फंक्शन तर इथे नाही. ती बंद केली की लगेच दुसरी चौकट येते : ‘संगणकाला जोडलेले एक उपकरण काम करत नाही.’ कोणतेही उपकरण बिघडलेले नसते. प्रणालीला आपली अडचण सांगण्यासाठी दुसरे शब्द सापडलेले नसतात. या दुसऱ्या चौकटीवर विश्वास ठेवून किती जणांनी आपापले माउस बदलले असतील कोण जाणे.

कर्नलएक्स नेमके हेच गहाळ फंक्शन पुरवते. सॉफ्टवेअर उघडताना विंडोज त्याची मागणी जिथे तपासते, त्या जागी कर्नलएक्स मध्ये उभे राहते, आणि ९८ मध्ये नसलेले फंक्शन मागितले गेले तर आपल्याकडचे देते. त्यांपैकी काही फंक्शने खरोखर लिहिलेली आहेत, तर काही नुसती नावापुरती आहेत. हाक मारली की ‘जमले नाही’ असे उत्तर देऊन ती मोकळी होतात. सॉफ्टवेअरला त्या उत्तरावर निभावून नेता आले तर सगळे ठीक चालते, नाहीतर खिडकी उघडते, मेनू दिसतो आणि ‘सेव्ह’ म्हणताच सगळे कोसळते. एखादे सॉफ्टवेअर सुरू झाले म्हणजे चालले असे या जोडणीच्या बाबतीत मानता येत नाही, ही गोष्ट कर्नलएक्स वापरू पाहणाऱ्याने आधीच समजून घ्यावी.

वापरण्याची सोय मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. कोणत्याही प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की तिथे कर्नलएक्सचे एक वेगळे पान मिळते; त्यात या प्रोग्रॅमसाठी कर्नलएक्स बंद ठेवता येते, किंवा विंडोज २०००, विंडोज एक्सपी अशा एखाद्या नव्या आवृत्तीचे सोंग घ्यायला सांगता येते. माझ्या अनुभवात हे सोंगच सर्वांत उपयोगी पडले, कारण कित्येक सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर केवळ आवृत्तीचा आकडा पाहून दार लावून घेतात, आणि आत मागितलेली फंक्शने मात्र ९८ मध्ये होतीच. अशा सॉफ्टवेअरला आकडा खोटा सांगितला की ते खरेपणाने काम करते.

याच सोयीने मी एकदा तोंडावर आपटलो. उत्साहाच्या भरात मी त्या डाँगलवाल्या मांडणीच्या सॉफ्टवेअरलाही एक्सपीचा मोड लावला, आणि ते उघडताच ‘डाँगल सापडत नाही’ असे म्हणू लागले. डाँगल काढून लावली, पोर्टची केबल पाहिली, बायॉसमधली पोर्टची निवड पाहिली; सगळे जागच्या जागी होते. कारण पुढे लक्षात आले. विंडोज ९८ मध्ये प्रोग्रॅमला पोर्टशी थेट बोलता येते, तर एनटी या विंडोजच्या वेगळ्या पायावर उभ्या घराण्यातल्या एक्सपीमध्ये ते चालत नाही आणि मध्ये स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. आपण एक्सपीवर आहोत असे वाटल्यामुळे बिचारे सॉफ्टवेअर त्या नसलेल्या ड्रायव्हरची वाट पाहत बसले होते. मोड काढताच ते पूर्ववत चालू झाले. तेव्हापासून सगळ्या प्रोग्रॅमना कर्नलएक्स लावण्याचा जो पर्याय ते बसवताना समोर येतो, तो मी बंद ठेवला आहे, जरी सर्वसामान्य वापरासाठी तोच सुचवलेला असला तरी. ज्या संगणकावर एक जुने काम बिनचूक चालणे हीच मुख्य गोष्ट आहे, तिथे नवेपण मागेल त्यालाच द्यावे.

कर्नलएक्सला जे करता येत नाही त्याचाही हिशेब मांडायला हवा. विंडोज ९८ च्या पोटात खिडक्या, बटणे, चित्रे यांच्या नोंदींसाठी १६ बिटच्या काळापासून चालत आलेल्या लहान राखीव जागा आहेत, त्यांतल्या काही तर अवघ्या ६४ केबीच्या. रॅम कितीही घातली तरी त्या वाढत नाहीत. या जागा किती उरल्या ते दाखवणारा रिसोर्स मीटर चालू ठेवून फायरफॉक्स ३.६ उघडले आणि चारपाच पाने चाळली की तो हिरवा पट्टा डोळ्यांदेखत खाली सरकतो आणि पुढे चिन्हांऐवजी काळे चौकोन दिसू लागतात. रॅमचेही तसेच आहे. ५१२ एमबीच्या वर रॅम असेल तर ९८ चा डिस्क कॅशे (डिस्कवरचा मजकूर तात्पुरता रॅममध्ये ठेवणारी सोय) इतकी मोठी जागा बळकावतो की भरपूर रॅम असूनही ‘मेमरी अपुरी’ अशी तक्रार येऊ शकते. त्याला उपाय म्हणजे सिस्टीम.आयएनआय फाइलीत मॅक्सफाइलकॅशे या नावाने मर्यादा घालणे, आणि ते कर्नलएक्सशिवायही करता येते.

आता इंटरनेट. फायरफॉक्सची ९८ वर अधिकृतपणे चालणारी शेवटची मालिका २.० ही होती. कर्नलएक्सच्या आधाराने ३.६ चालते, आणि ते चालताना पाहून पहिल्या दिवशी मला खरोखर आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तो ओसरला, कारण या ब्राउझरला टीएलएस या संकेतस्थळांशी सुरक्षित बोलण्याच्या पद्धतीच्या १.० आवृत्तीपुढचे काही येत नाही आणि आजची बहुतेक संकेतस्थळे किमान टीएलएस १.२ मागतात, त्यामुळे ब्राउझर नवा दिसला तरी दारे बंदच राहतात. गंमत अशी की जो ब्राउझर यातली काही दारे उघडतो, तो रेट्रोझिला, कर्नलएक्सशिवायच ९८ वर चालतो, टीएलएस १.२ त्याच्या आतच बसवलेले आहे. पण त्याचे पाने रंगवणारे इंजिन जुने असल्यामुळे मजकूर दिसतो आणि मांडणी विस्कटते. तिसरा मार्ग डब्ल्यूआरपीचा आहे. हा प्रोग्रॅम दुसऱ्या, नव्या संगणकावर चालतो, तिथे पान उघडतो आणि त्याचे चित्र काढून जुन्या संगणकाला पाठवतो, त्या चित्रावर क्लिकही करता येते. हे सगळे चतुराईचे आहे, मी त्यात एक रविवार मजेत घालवला, आणि त्यानंतर त्या संगणकाचे बाहेरचे इंटरनेट काढून टाकले. २००६ नंतर ज्या प्रणालीला सुरक्षेची एकही अधिकृत दुरुस्ती मिळालेली नाही, तिला उघड्यावर सोडण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

घरातल्या नेटवर्कवरून फाइली पाठवण्याचा प्रयत्नही केला. ९८ ला एसएमबी या नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीची पहिलीच आवृत्ती कळते. विंडोज १० च्या १७०९ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती मुळात बसवलेली नसते आणि लिनक्सवर तेच काम करणाऱ्या साम्बाने ती ४.११ पासून बंद ठेवली आहे. ती उघडण्यासाठी नव्या संगणकाची सुरक्षा ढिली करण्यापेक्षा घरातल्या घरात एफटीपी (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) वापरणे मला बरे वाटले, कारण ९८ मध्ये त्याची आज्ञा पहिल्यापासून आहे. अनधिकृत सर्व्हिस पॅकविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मायक्रोसॉफ्टच्या विखुरलेल्या दुरुस्त्या त्यात एकत्र मिळतात, तेवढा मुख्य भाग घ्यावा आणि नटवण्याचे पर्याय सोडून द्यावेत.

ज्यांची अडचण विंडोज ७ ची आहे, त्यांच्यासाठी व्हीएक्सकेक्स हे याच जातीचे साधन आहे आणि तेही ‘प्रॉपर्टीज’मध्ये आपले पान घालून प्रोग्रॅमनिहाय काम करते. विंडोज ७ चा पाया एनटीचा असल्यामुळे तिथे सोंग आणि वास्तव यांतले अंतर पुष्कळ कमी आहे, आणि म्हणूनच तिथे अशा जोडणीकडून जास्त अपेक्षा ठेवता येतात.

माझ्या संगणकावर आज एनयूएसबी कायमची आहे. कर्नलएक्स आहे, पण फक्त दोन प्रोग्रॅमसाठी चालू : एक चित्रे पाहण्याचा आणि एक फाइली दाबून लहान करण्याचा. दोन्हींपैकी काहीही घालण्याआधी संपूर्ण हार्ड डिस्कची प्रत काढून ठेवली होती, आणि तसे करण्याचा आग्रह मी वाचकांनाही करीन, कारण विंडोज ९८ स्वतः रजिस्ट्रीच्या पाच प्रती राखून ठेवत असली तरी सिस्टीमच्या बदललेल्या सगळ्या फाइली त्या परत आणत नाहीत. ती प्रत मला एकदाच लागली, प्रिंटरच्या त्या भुतांच्या वेळी, आणि वीस मिनिटांत संगणक आदल्या दिवशीच्या स्थितीत परतला.