कॅम्पातलं जुन्या पुस्तकांचं दुकान

नंदगडहून बेळगावला आलो की माझा तासभर कॅम्पातल्या या दुकानात जातो. बोळकांडीएवढी जागा, बसायला स्टूलसुद्धा नाही, धुळीनं शिंका येतात. पण मागच्या फडताळातले जुन्या इंग्रजी कथांचे गठ्ठे बघण्यासारखे आहेत.

या खेपेला 180 रुपयांत दोन पुस्तकं घेतली. पहिलं जॉर्ज चेस्नीचं 'द बॅटल ऑफ डॉर्किंग', 1871 चं. प्रशिया या जर्मन राज्यानं फ्रान्सला नुकतंच लोळवलं होतं, त्या धास्तीत लिहिलेलं. जर्मन बोलणारी फौज इंग्लंडात उतरते, डॉर्किंगपाशी इंग्रजांचा धुव्वा उडतो, आणि एक म्हातारा नातवंडांना ती हकीकत सांगतो. हिंदुस्थानात उठाव झाल्यानं सैन्य तिकडं अडकलं, असंही त्यात येतं. चेस्नी स्वतः 1857 च्या दिल्लीच्या वेढ्यात लढून जखमी झालेला इंजिनियर अधिकारी. दुसऱ्याच्या शहराला वेढा घालणाऱ्यालाच पुढं आपल्या गावात परकी फौज दिसायला लागली! माझ्या नंदगडात 1831 साली इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या कित्तूरच्या संगोळी रायण्णाला फाशी दिलं. त्याआधी दत्तक वारस नामंजूर करून कित्तूर संस्थान घेतलं. डॉर्किंगच्या लोकांनी नुसती कल्पना केली, ते आमच्याकडं खरंच घडलं. म्हणून म्हाताऱ्याचं रडगाणं वाचताना मला त्याची कीव आली आणि रागही आला.

दुसरं एच. जी. वेल्सचं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', 1898 चं. मंगळ ग्रहावरचे जीव उतरतात तेही डॉर्किंग ज्यात येतं त्याच सरे परगण्यात. पण वेल्स पहिल्याच प्रकरणात ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या लोकांचा युरोपियनांनी कसा नायनाट केला ते लिहितो, आणि मंगळवासीयांना दोष देण्याआधी ते आठवा म्हणतो. माझ्या मते परक्यांच्या स्वारीच्या या सगळ्या कथांत एवढा प्रामाणिक परिच्छेद दुसरा नाही.

एम. पी. शील या लेखकाचं 'द यलो डेंजर'ही होतं, तेही 1898 चंच. चिनी माणूस म्हणजे टोळधाड, असा त्याचा सूर. उभ्या उभ्या चाळलं आणि परत ठेवलं. आता वाटतं, घ्यायला हवं होतं. परक्यांच्या स्वारीच्या भीतीचं मूळ वंशद्वेषात कसं आहे, ते त्यात उघडं दिसतं.

घरी आल्यावर वेल्सच्या प्रतीत आठ पानं गायब निघाली. पुढच्या खेपेला दाखवली, तर मालकांनी कुरकुर न करता दुसरी प्रत काढून दिली. "सर, ही घेऊन जावा की, पैसे नकोत." किमती मात्र पुस्तकावर लिहिलेल्या नसतात, आधी विचारून घ्या. 'यलो डेंजर' बाजूला ठेवायला मी सांगितलंय.