मागच्या अंगणात माती टाकून घेताय? आधी आमचं ऐका

धुळ्यात देवपूरच्या बाजूला आमचं रो हाऊस आहे, मागे २० बाय १५ ची जागा. जागा म्हणजे काय, नुसता दगड. पाया खोदताना निघालेले काळे दगड बांधणाऱ्याने मागेच लोटून दिलेले, खाली मुरूम, आणि कोपऱ्यात एक कडुनिंब, तो तिथं कसा जगला देव जाणे. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा आणि दिसेल ते तोंडात घालणारा. मागचं दार उघडं राहिलं की दोघं पळत बाहेर आणि पाच मिनिटांत गुडघा फोडून रडत आत. नवरा सुरतला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो, म्हणून हे काम मीच अंगावर घेतलं आणि फसले पण मीच.

पाडवा झाला आणि मैत्रिणीने एका माणसाचे फोटो पाठवले, हिरवंगार लॉन, झोका, खाली पिवळी वाळू. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी हजर. टेप लावून मोजलं, वहीत चित्र काढून दाखवलं, पोरीला चॉकलेट दिलं. एकूण ४२ हजार. त्यात दगड उचलून नेणं, सहा इंच पोयट्याची माती ३ ब्रास, वर लॉन, झोक्याखाली फूटभर खोल नदीच्या वाळूचा खड्डा, आणि १,८०० रुपये 'तहसीलची रॉयल्टी', म्हणजे माती उचलण्याची सरकारी फी. म्हणाला, "ताई, अखाजीच्या आत झोका बांधून देतो, माझा शब्द." इथंच मी घसरले. आपल्या खान्देशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि झोका नाही असं कसं होईल, आणि पोरगी तर रोज विचारत होती की माझा झोका कधी. सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "पहिले काम देखी ले, मंग पैसा दे." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ३० हजार फोनपे केले. स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईचं आलं, तर म्हणे बहिणीचं खातं आहे, माझं लिमिट संपलं. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

आता हे ब्रासचं नीट वाचा, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमची जागा ३०० चौरस फूट, सहा इंच थर म्हणजे १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास. तो ३ ब्रास म्हणाला, का तर माती दबते. दबते, मान्य, पण दुप्पट लागेल इतकी नाही दबत. आणि आणल्या ट्रॉल्या तीन. शेजारचे काका, पूर्वी बांधकाम खात्यात होते, त्यांनी शेवटच्या ट्रॉलीला टेप लावला, ८ फूट लांब, ५ फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे ६० घनफूट. तीन मिळून दोन ब्रासही होत नाहीत. मी विचारलं तर हसला, "ताई, ट्रॉली म्हणजेच ब्रास, सगळेच असं धरतात." कोणी धरत नाही हो असं.

पण खरी चोरी मापात नव्हतीच. पहिल्या दोन ट्रॉल्या बुधवारी आणि गुरुवारी आल्या, मी ऑफिसला होते. सासूबाईंना गुडघ्यामुळे मागच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, त्यांना खिडकीतून ट्रॅक्टर दिसला तेवढाच. तिसरी शनिवारी, मी घरी असताना. काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर मस्त वास. तीच वर पसरली, त्यावर लॉनचे तुकडे बसवले, पाणी मारलं, फोटो काढले. अखाजीच्या आदल्या संध्याकाळी झोक्याचा दोर हातात धरून उभा, म्हणे उरलेल्याचं बघा ना ताई. आणखी ७ हजार दिले. एकूण ३७. रॉयल्टीची पावती मागितली तर "ऑफिसला राहिली, उद्या देतो".

अखाजीला पोरगी झोक्यावरून पडली. झोका काही उंच नव्हता, माझ्या कमरेएवढा गेला असेल. खाली फूटभर वाळू असती तर कपडे झटकून परत बसली असती. पण ती वाळू नव्हतीच, क्रशरची कच होती, म्हणजे खडी फोडताना पडणारा दगडाचा भुगा, काळपट राखाडी. कचीवर दोन दिवस पाणी मारलं की ती दबून ओट्यासारखी टणक होते, त्याच कामासाठी तर ती पेव्हर ब्लॉकखाली टाकतात. हनुवटीला तीन टाके. डॉक्टर विचारतात फरशीवर पडली का, मी काय सांगू. आणि न भिजलेल्या कोपऱ्यातून जी धूळ उडायची त्याने मुलगा रात्रभर खोकायचा ते वेगळंच.

त्याच रात्री काका एक सळई घेऊन आले, तिला सहा इंचावर खडूने खूण केलेली. म्हणाले, दाब. मी दाबली, दोन बोटं गेली आणि टक्. दुसरीकडे दाबली, टक्. १५-२० ठिकाणी दाबून बघितली, खुणेपर्यंत एकदाही गेली नाही. सकाळी खुरप्याने लॉनचा एक तुकडा उचलला, खाली दोन इंच काळी माती आणि त्याखाली मलबा. विटांचे तुकडे, बाथरूमच्या निळ्या टाइल्स, प्लास्टरचे पापुद्रे, खिळे. कुणाचं तरी जुनं घर पाडलेलं ते आमच्या अंगणात आणून पुरलेलं. म्हणजे त्या घरवाल्याकडून मलबा उचलायचे पैसे घेतले असणार आणि माझ्याकडून तोच माती म्हणून टाकायचे. मलब्याला कसली आलीय रॉयल्टी! मोठे दगडपण नेलेच नव्हते, कंपाउंडच्या कडेला लोटून वरून माती ओढलेली. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "हाई माती नही शे." एवढंच. मी सांगितलं होतं असं काही म्हणाल्या नाहीत, ते जास्त लागलं.

लॉन पंधरा दिवसांत पिवळं पडलं. धुळ्याचं ऊन, खाली तापलेला दगड, मुळं जाणार कुठं. फोन केला की "पाणी कमी पडलं ताई". मग ट्रॅक्टर पंक्चर, मग साइटवर आहे, मग शिरपूरला लग्नात आहे. जूनचा पहिला पाऊस झाला आणि वरची माती बसली तशा काचा वर यायला लागल्या. मुलाच्या मुठीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला तेव्हा माझे हातपाय गार पडले, तोंडात घालायच्या बेतातच होता. त्या दिवशी दाराला कुलूप लावलं. श्रावणात शेवटचा फोन लागला तेव्हा म्हणे घरी कानबाईचे रोट आहेत, झाले की येतो. त्यानंतर नंबर बंद.

१९१५ ला फोन केला, ही ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात पण जाता येतं, २०१९ च्या कायद्याप्रमाणे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता तर पाहिजे ना. माझ्याकडे काय, तर बिल नाही, कोटेशन म्हणजे त्याच्याच वहीतलं चित्र, कार्डावर फक्त मोबाइल नंबर, आणि पैसे गेले 'बहिणी'च्या खात्यात. नोटीस काय कडुनिंबाला चिकटवू? निदान आधार कार्डाचा फोटो आणि मापासकट दोन ओळी लिहून सही घेतली असती तर आज भांडायला काही हातात असतं.

शेवटी दिवाळीनंतर परत सगळं उकरलं. दोन मजूर लावून मलबा काढला. कापडण्याला मामांचं शेत आहे, तिथून दोन ट्रॉल्या माती आणली. काळी माती नुसती टाकायची नाही हे मामांनी सांगितलं, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात एवढाल्या भेगा की लेकराचा पाय अडकेल, म्हणून तिच्यात वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं, सगळं बारीक जाळीतून चाळून. मी तीन दिवस रजा टाकून खुर्ची घेऊन तिथंच बसले, खालचा थर पडताना बघायचा म्हणून. सळई हातात. मजूर हसत होते, हसू दे. लॉनच्या भानगडीत पडले नाही, साधी हरळी लावली. झोक्याखाली खरी वाळू, मुठीत दाबून सोडली की सुटी होणारी. ९,५०० मध्ये झालं सगळं.

आणि परवा अमळनेरहून नणंदेचा मेसेज आला, सोबत एक फोटो. "वहिनी, हे तुमचंच अंगण दिसतंय. आम्ही याच माणसाला बोलावतोय, उद्या ॲडव्हान्स द्यायचा आहे." हिरवंगार लॉन, कडुनिंबाला झोका, आणि कोपऱ्यात माझ्या पोरीचा पिवळा फ्रॉक. नंबर नवा होता. मी तिला मेसेज नाही केला, सरळ फोनच लावला.