कुणबी कापडाचा ड्रेस, खांद्यावरच्या गाठीसकट

आमची आजी गोव्यातल्या केप्याकडची, तिला मी कायम लाल चौकड्यांच्या कुणबी साडीतच बघितलंय, तिथे त्या साडीला नुसतं कापड म्हणतात. नेसायची पण आखूड, म्हणजे लावणीच्या वेळी चिखलात भिजत नाही, आणि पदर खांद्यावर गाठ मारून घट्ट बांधलेला, ती गाठ म्हणजे देठली. दोन्ही हात मोकळे!

त्याच कापडाचा ड्रेस मी शिवून घेतला. तो शिवणारी मुलगी स्वतः कुणबी घरातली आहे, घरातूनच काम करते. आणि तिने ती देठलीच ठेवलीय, डाव्या-उजव्या खांद्याला चेन नाही, बटण नाही, कापडाचे दोन पट्टे, आपण गाठ मारायची. मी पहिल्यांदा बांधली आणि आरशात बघून रडूच आलं, खरंच.

कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी 2010 च्या सुमाराला हे कापड रॅम्पवर नेलं, तेव्हा कुठे आमच्या घरी ट्रंकेतली साडी परत बाहेर निघाली, आधी ती गरिबाची, शेतातली म्हणून लपवलेली असायची. पण नंतर बाजारात नुसते छापील चौकडे आले. मी पण एका दुकानात हातमाग म्हणून घेऊन फसले होते. आता आधी कापड उलटं करून बघते, छापील असेल तर मागून फिकट दिसतं, विणलेलं असेल तर दोन्हीकडे सारखं, आणि लाल-पांढरा धागा एकमेकांवरून जातो तिथे मधलाच फिकट लाल चौकोन तयार होतो. या मुलीकडचं कापड तसंच विणलेलं आहे, जाडसर सुती, काठाला बारीक नक्षी, घामात अंगाला चिकटत नाही.

आता तक्रारी. काखेत फार घट्ट आला, माप व्हिडिओ कॉलवर दिलं होतं त्यामुळे असेल, तिने पैसे न घेता सैल करून दिला. पहिल्या धुण्यात लाल रंग थोडा गेला, वेगळाच धुवा, मशीनमध्ये अजिबात नको. किंमत 6,800, मला आधी जास्त वाटली. सहा आठवडे लागले. खिसे आहेत, खोल आहेत, मोबाईल पूर्ण आत जातो.

टॅगवर तिचं नाव आहे, विणणाऱ्याचं नाही. ते पण घाल म्हणून तिला सांगितलंय, हो म्हणाली, आईचा ड्रेस पुढच्या महिन्यात येईल तेव्हा कळेलच.