एसईसी, आयव्ही की डिव्हिजन थ्री? टेनिस खेळणाऱ्या भाचीसाठी केलेली तुलना

गेल्या रविवारी पुण्याहून ताईने मला इथे न्यू जर्सीत तीन कागद पाठवले आणि लगेच फोन केला. भाची बारावीत आहे, आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनियर स्पर्धा खेळते आणि अमेरिकेत टेनिस खेळत शिकायचं तिच्या मनात पक्कं आहे. पहिला कागद दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाचा, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, एसईसी या आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातला. दुसरा एका आयव्ही विद्यापीठाच्या, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ नामवंत विद्यापीठांपैकी एकाच्या, कोचचा मेल. तिसरं नाव भाचीने स्वतः शोधलेलं: डिव्हिजन थ्रीमधलं, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या गटातलं, एक लहान, अभ्यासाला कडक कॉलेज. ताईचा प्रश्न सरळ होता: "क्लबमध्ये सगळे म्हणतात, तिकडे आता खेळाडूंना कोटीत पैसे देतात. मग हा विचार कशाला करायचा?"

कोटीत देतात हे खरं आहे. पण ते कुणाला देतात, हे समजलं की तिन्ही कागद वेगळे दिसायला लागतात.

२०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेता येत नसे. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या, विरोधात एकमताने निकाल दिला आणि १ जुलैपासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. पुढचं मोठं पाऊल म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तिला अंतिम मंजुरी दिली आणि २०२५-२६ पासून सहभागी विद्यापीठं आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. आता वाटणी बघा. मागच्या वर्षांच्या भरपाईसाठी जो हिशेब मांडला गेला त्यात ढोबळमानाने ७५ टक्के अमेरिकन फुटबॉलला, १५ टक्के मुलांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के मुलींच्या बास्केटबॉलला आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्या खेळांना, असं प्रमाण होतं. अनेक मोठ्या विद्यापीठांनी पुढेही तोच साचा धरला. मुलींचं टेनिस त्या शेवटच्या पाचात येतं, तेही पोहणं, धावणं, गोल्फ, सॉफ्टबॉल यांच्यासोबत. म्हणून ताईला मी आधी एवढंच सांगितलं: तो कोटीचा आकडा डोक्यातून काढून टाक, मग बोलू.

भाचीसाठी खरा पैसा शिष्यवृत्तीत आहे. खासगी विद्यापीठाचा वर्षाचा सगळा खर्च ९०,००० डॉलरच्या घरात जातो, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून जास्त. सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या आणि परदेशी मुलांना त्याहून कमी लागतो, पण कमी म्हणजे परवडणारा नव्हे.

एसईसीचा कागद मी दोनदा वाचला. वर मोठ्या अक्षरांत अभिनंदन, खाली शिकवणी शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं असे रकाने. आणि मध्ये एक बारीक ओळ: मदतीचा कालावधी. तिथे फक्त एकाच शैक्षणिक वर्षाच्या तारखा होत्या. कोच फोनवर चार वर्षांचं बोलली होती, पण कागदावर एकच वर्ष. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचं वेगळं पत्र असायचं. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता हा मदतीचा करारच सगळं काही आहे. म्हणून त्यावर जे लिहिलंय तेवढंच खरं धरायचं.

दुसरी गोष्ट पुण्यात कुणालाच ठाऊक नसते. मुलींच्या टेनिसला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एसईसी आणि आयव्ही ज्यात येतात त्या सगळ्यात वरच्या गटात, आठ शिष्यवृत्त्या होत्या आणि नियमच असा होता की दिली तर पूर्ण द्यायची. मुलांना मात्र साडेचार मिळत, त्या तुकडे करून वाटल्या जात. हाउस तडजोडीनंतर सहभागी विद्यापीठांत शिष्यवृत्तीची संख्यामर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची मर्यादा आली. टेनिसला दहा खेळाडू. कागदोपत्री दहाही मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, पण आता मुलींनाही अर्धी-पाव देण्याची मोकळीक आहे. त्यामुळे "स्कॉलरशिप आहे" एवढं ऐकून थांबू नका, किती टक्के ते विचारा. आणि दहापैकी सामन्यात एकेरी सहाजणीच खेळतात, हेही लक्षात असू द्या.

यात व्हिसाची गाठ आहे. भाची एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार. या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. बाहेर परवानगीशिवाय कमाई केली तर व्हिसाच धोक्यात येतो. अमेरिकेच्या मातीवर उभं राहून जाहिरात करणं हे काम धरलं जाऊ शकतं. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे, मूळ काँगोचा, बास्केटबॉलमधलं मोठं नाव. २०२२ च्या उन्हाळ्यात संघ बहामाला गेला तेव्हा त्याने आपले करार तिथे पार पाडले, कारण तिथे अमेरिकेचा हा नियम लागत नव्हता. एवढ्या मोठ्या खेळाडूला ही कसरत करावी लागली. विद्यापीठाकडून थेट मिळणाऱ्या वाट्याचंही एफ-१ वर असंच अडतं. भाचीला एखाद्या रॅकेट कंपनीने विचारलंच, तर सुट्टीत पुण्यात आल्यावर आणि आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवून.

करही येतो. शिकवणी आणि पुस्तकांची शिष्यवृत्ती करमुक्त, पण राहण्या-जेवणाचा भाग करपात्र. त्यावर परदेशी विद्यार्थ्यांचा साधारण १४ टक्के कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यामुळे विवरणपत्र भरलं तर बराचसा परत मिळू शकतो. न भरणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि तो पैसा तसाच जातो.

आता आयव्ही. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच, आणि हाउस तडजोडीतही ती सामील झाली नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मग इथे काय आहे? इथे गरजेनुसार मदत आहे. आई-वडिलांचं उत्पन्न, बचत, घर बघून विद्यापीठ स्वतःचा वाटा ठरवतं, उरलेला घरच्यांचा. कोचकडून आधीच अंदाज काढून घेता येतो, त्याला प्री-रीड म्हणतात. ताईला तोच आला होता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून प्रवेशात मागे सारत नाहीत. कोलंबिया, पेन, कॉर्नेलला मदतीची मागणी प्रवेशाच्या निर्णयात धरली जाऊ शकते. हा फरक नीट विचारून घ्या.

माझ्यासाठी आयव्हीचं सगळ्यात मोठं बळ हे की त्या मदतीचा टेनिसशी संबंध नाही. खांदा गेला, कोच बदलला, दुसऱ्या वर्षी मन उडालं, तरी मदत चालू राहते. ताई आणि भावजी दोघं नोकरीत आहेत. त्यांच्या प्री-रीडमध्ये त्यांचा वाटा बराच निघाला, म्हणजे एसईसीपेक्षा दरवर्षी खिशातून जास्त जाणार. ज्या घरात उत्पन्न कमी आहे तिथे आयव्हीच स्वस्त पडते, हे इथल्या अनेक मराठी घरांनाही पटत नाही, पण तसंच आहे. खेळाडूंना कर्मचारी मानावं की नाही हा वादही तिथे शिरला होता: मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली, आणि त्या वर्षअखेर अर्ज मागे घेतला.

डिव्हिजन थ्रीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे गुंता कमी आहे. खेळाच्या नावाने एक डॉलरही नाही. गरजेनुसार मदत किंवा काही ठिकाणी गुणांवर शिष्यवृत्ती. एमआयटी आणि ॲम्हर्स्ट दोन्ही डिव्हिजन थ्रीत, आणि दोघंही परदेशी मुलांची गरज प्रवेशाच्या आड येऊ देत नाहीत. माझा मुलगा डिव्हिजन थ्रीत चार वर्षं पोहला. तिसऱ्या वर्षी त्याची केमिस्ट्रीची लॅब आणि सराव एकाच वेळी आले तेव्हा कोचनेच सांगितलं, लॅबला जा, सकाळी ये. डिव्हिजन वनमध्ये असं ऐकायला मिळेल याची खात्री मी देणार नाही. तिथे सराव-सामन्यांना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवासाचे तास त्यात मोजत नाहीत.

आता बदलीचे नियम. इथे मला ताईशी थोडं भांडावं लागलं. तिचं म्हणणं, "नाही जमलं तर दुसरीकडे जाईल, आता तर मोकळीक आहे." मोकळीक आहेच. पूर्वी कॉलेज बदललं की फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या काही खेळांत एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ मध्ये सगळ्यांना एकदा बदलीची सूट मिळाली, आणि कोर्टाच्या आदेशानंतर एप्रिल २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदलून लगेच खेळता येतं.

पण ही मोकळीक दोन्ही बाजूंना आहे. पोर्टलमध्ये नाव घातलं की चालू सत्रानंतर सध्याचं विद्यापीठ मदत थांबवू शकतं, आणि नवीन कॉलेज मिळेलच असं नाही. कोचलाही त्याच पोर्टलमधून बावीस-तेवीस वर्षांच्या तयार खेळाडू मिळतात. दहाच जागा असलेल्या संघात अठरा वर्षांच्या मुलीला घडवायला कोच किती थांबेल, हा आज सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. अभ्यासाचीही अट आहे: तिसऱ्या वर्षात पदवीचा ४० टक्के, चौथ्यात ६० टक्के भाग पूर्ण असावा लागतो, आणि तो नव्या कॉलेजच्या पदवीच्या हिशेबाने. १२० क्रेडिटची पदवी असेल तर दोन वर्षांनी जाताना ४८ क्रेडिट त्या पदवीत बसायला हवेत. भाचीला संख्याशास्त्र करायचं आहे. निम्मे विषय नव्या ठिकाणी मान्य झाले नाहीत तर खेळणं थांबतं. वर व्हिसाचं रेकॉर्ड हलवायचं, नव्या कॉलेजकडून नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, घ्यायचा.

तोंडी आश्वासनांचं काय होतं ते सप्टेंबर २०२४ मध्ये दिसलं. नेवाडा-लास व्हेगास विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मुख्य खेळाडू, मॅथ्यू स्लुका संघ तीन सामने जिंकलेला असताना सोडून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, १ लाख डॉलरचं वचन मिळालं होतं, हातात आले ३,०००. विद्यापीठाचं म्हणणं, असा वैध प्रस्तावच नव्हता. लेखी काही नव्हतं.

आयव्हीतून बाहेर पडण्याची एक चांगली वाट मात्र आहे. तिथे पदवीनंतर खेळता येत नाही, पण खेळायचं वर्ष शिल्लक असेल तर पदवी हातात घेऊन दुसऱ्या विद्यापीठात मास्टर्सला जाता येतं, तेही खेळाच्या शिष्यवृत्तीवर.

माझं मत मी ताईला स्पष्ट सांगितलं. भाचीला व्यावसायिक टेनिस खेळायचंच असेल तर एसईसी. तिथले सामने, कोर्ट, फिजिओ यांना तोड नाही. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझोच्या एशियन गेम्समध्ये बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पण एसईसी घ्यायची ती करारावर एकापेक्षा जास्त वर्षं लिहून मिळाली तरच. शिक्षण पुढे आणि टेनिस सोबत असेल, तर आयव्हीचा जादा खर्च चार वर्षांच्या निर्धास्तपणाची किंमत म्हणून मला योग्य वाटतो. डिव्हिजन थ्री मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं असतं, पण त्या कॉलेजची मदत परदेशी मुलांना फार थोडी आहे, त्यामुळे ते गळलं.

इथे न्यू जर्सीत जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी हिशेब वेगळा. त्यांना व्हिसाची अट नाही, एनआयएलचा करार ते बिनधास्त करू शकतात. मात्र ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा असेल तर तो नोंदवावा लागतो.

भाचीने परवा एसईसीच्या कोचला तीन प्रश्न लिहून पाठवले: शिष्यवृत्ती किती वर्षांची, दुखापत झाली तर काय, आणि गेल्या दोन वर्षांत पोर्टलमधून किती मुली आल्या. पहिल्या दोनांना लेखी उत्तर आलं: चार वर्षं, आणि दुखापतीतही मदत चालू. तिसऱ्यावर कोचने फोन करायला सांगितलंय. तो फोन शुक्रवारी रात्री साडेनऊला, पुण्याच्या वेळेने, आणि ताईने मलाही त्यावर बसायला सांगितलंय.